काळू-बाळू, निळूभाऊ, डॉक्टर... तुमचे आवडते पुरुष कलाकार कोण, आणि का?

पेवातली_हळद

राम राम मंडळी.

परवा भाच्यानं विचारलं, "मामा, तुझा फेवरेट हिरो कोण?" मी पटकन म्हणून गेलो, "काळू-बाळू." पोरगं लगेच मोबाईलवर शोधायला लागलं. हवालदाराच्या वेशातल्या दोन गृहस्थांचा फोटो माझ्यासमोर धरून म्हणालं, "हे हिरो?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला का आवडतात ते धड सांगताच येत नाहीये. चार दिवस डोक्यात घोळत होतं. म्हणून हा धागा.

आमचं गाव मिरज-तासगाव पट्ट्यातलं. वडील सांगलीच्या यार्डात हळदीच्या अडतीवर तोलार. बिडी नाही, पत्ते नाहीत, शौक एकच, तमाशा. आईला मात्र "तमाशाला जातो" असं कधी सांगायचे नाहीत. "जत्रेला जाऊन येतो" म्हणायचे. आईला सगळं कळायचं. ती फक्त विचारायची, "भाकरी बांधून देऊ का?" मी चौथीत होतो तेव्हा मला पहिल्यांदा सायकलच्या नळीवर बसवून नेलं. त्या रात्री कवलापूरकरांचा फड होता.

नव्या लोकांसाठी सांगतो. काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे. जुळे भाऊ, सांगलीला लागूनच असलेल्या कवलापूरचे. तमाशा आजोबांपासून घरात. 'जहरी प्याला' नावाच्या वगात दोघं हवालदार झाले, काळू आणि बाळू. ती पात्रांची नावं त्यांना अशी चिकटली की फडच 'काळू-बाळूचा तमाशा' झाला. जत्रेत लाऊडस्पीकरवर तेवढं एक नाव पुकारलं की पंचक्रोशीतल्या बैलगाड्या जुंपल्या जायच्या. लहू-अंकुश ही खरी नावं मला वयाच्या पस्तिशीत कळली, तीही पेपरमधून.

तर त्या रात्री गण, गवळण, बतावणी होईपर्यंत मी वडलांच्या मांडीवर गाढ. वग रंगात आल्यावर वडलांनी कोपरानं ढोसलं, "ऊठ, आता बघ." समोर एकसारखी दोन माणसं. एकानं काहीतरी विचारलं. काय विचारलं ते आता अजिबात आठवत नाही. आठवतंय ते एवढंच की दुसऱ्यानं उत्तर दिलं नाही. नुसता उभा. आमच्याकडं बघत. पहिलाही त्याच्याकडं बघत उभा. कनातीत पाच-सहा हजार माणूस असेल, कुणी हूं की चूं करेना. माझ्या शेजारी एक म्हातारा शेंगा फोडत होता, त्याचा हात शेंगेवरच राहिला. किती वेळ गेला देव जाणे. मग त्या दुसऱ्यानं फक्त भुवई उचलली, आणि अख्खी कनात कोसळली. वडील मी कधीही पाहिलं नव्हतं तसं हसत होते. डोळ्यांतून पाणी. घरी हा माणूस ओठ मुडपून हसायचा.

तेव्हापासून मला जे जे नट आवडले ते सगळे थांबणारे निघाले. बोलणारे पुष्कळ असतात. न बोलता लोकांना धरून ठेवणारे किती?

निळूभाऊंचंच घ्या. नक्कल करणाऱ्यांनी त्यांना त्या 'वाड्यावर'च्या एका वाक्यात कोंडून टाकलंय, त्याचा मला मनस्वी राग येतो. निळूभाऊ कधी ओरडायचे का? आवाज खाली, मान जरा तिरकी, आणि शब्दाच्या आधी नजर जाऊन पोचलेली. आपल्या भागात असे पुढारी आपण सगळ्यांनी बघितलेत. खरा बेरकी माणूस ओरडत नाही, तो पान लावता लावता तुमचा निकाल लावतो. हे त्यांनी कुठून उचललं असेल? पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळी होता हा माणूस. सेवा दलाच्या कलापथकातून वर आला, 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं नाव झालं, आणि १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णानं घराघरात पोचला. रोपाला पाणी घालून वाट बघायची सवय असणार, असं मी आपलं मनाशी धरलंय.

आमच्या गल्लीत गणपतीत पडद्यावर सिनेमा लावायचे. निळूभाऊ आले की माझी आई पदर पुढं ओढायची आणि पुटपुटत शिव्या घालायची. पुढं कधीतरी पेपरात त्यांच्या सामाजिक कामाबद्दल आलेलं मी तिला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बघ की. आणि मी मेली इतकी वर्षं शिव्या घातल्या." नटाला याहून मोठी पावती काय मिळायची?

तिसरे डॉक्टर. डॉ. श्रीराम लागू. सातारचा जन्म, १६ नोव्हेंबर १९२७. कान-नाक-घशाचे सर्जन, आफ्रिकेत प्रॅक्टिस केलेला माणूस, आणि चाळिशी ओलांडल्यावर १९६९ साली सगळं सोडून नाटकात उडी. पुढच्याच वर्षी डिसेंबरात 'नटसम्राट' उभं राहिलं. माझ्या मोठ्या भावाला बँकेची नोकरी सोडून पोल्ट्री टाकायची होती, तेव्हा घरात केवढी रणधुमाळी झाली होती ते आठवतं. डॉक्टरांच्या घरी काय झालं असेल याची कल्पनाच करवत नाही.

'सामना' (१९७५) मी किती वेळा बघितला असेल याचा हिशोब नाही. साखरसम्राट हिंदुराव म्हणजे निळूभाऊ आणि दारुडा मास्तर म्हणजे डॉक्टर. 'मारुती कांबळेचं काय झालं?' हा एकच प्रश्न मास्तर धरून बसतो. या सिनेमात दोघंही थांबतात, पण तऱ्हा वेगळी. निळूभाऊ थांबले की समोरच्या पात्राला घाम फुटतो. डॉक्टर थांबले की आपल्याला फुटतो.

असो, लांबलं. तुमचे कोण ते सांगा. नियम एकच, 'लिजंड', 'ग्रेट', 'त्रिवार मुजरा' एवढंच लिहून पळायचं नाही. का ते सांगायचं. अट एवढीच की शक्यतो आपल्या सांगली-सातारकडचे धरा. बाहेरचा आलाच तर हाकलून देणार नाही.

कंदी_पेढा

पहिला! (ही सवय जात नाही.)

धागा आवडला, पण सांगलीकरांची जुनी खोड दिसली. तीन नावांत सातारचा एकच, तोही शेवटी. आता आमची यादी घ्या आणि गप्प भडंग खात बसा.

छोटा गंधर्व. सौदागर नागनाथ गोरे. गाव भाडळे, तालुका कोरेगाव. राजा गोसावी. गाव सिद्धेश्वर कुरोली, तालुका खटाव. शाहीर साबळे. गाव पसरणी, तालुका वाई. डॉ. लागू तुम्हीच दिलेत. सयाजी शिंदे वेळे कामथीचे. बास का अजून?

भडंगवाला

@कंदी_पेढा, यादी दिली, पण 'का' कुठाय? नियम वाचा की मर्दा. आणि यादीच करायची तर ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' कुठं उभं केलं? सांगलीत. पठ्ठे बापूराव कुठले? रेठरे हरणाक्ष, तालुका वाळवा. बालगंधर्व नागठाण्याचे, पलूस तालुका. अण्णा भाऊ वाटेगावचे. दीनानाथरावांचं बिऱ्हाड सांगलीत. खाडिलकर सांगलीचे, देवल हरिपूरचे. तुमच्याकडं पेढे चांगले मिळतात, हे मान्य.

कंदी_पेढा

बरं बाबा, 'का' घे. एकाच माणसाबद्दल लिहितो, राजाभाऊ गोसावी.

माझे आजोबा खटाव तालुक्यातले. त्यांचं म्हणणं असं की राजा गोसावींच्या तोंडाकडं बघितलं की उधारी मागायला आलेला वाणीसुद्धा पाणी पिऊन परत जाईल. 'लाखाची गोष्ट' १९५२ सालची. पुण्यात हाच सिनेमा लागला तेव्हा त्याचा हिरो बुकिंगच्या खिडकीत बसून तिकिटं फाडत होता, असा किस्सा सांगतात. समोरचा माणूस आत जाऊन बघणार तो चेहरा खिडकीतच. मला हा किस्सा विनोदी वाटत नाही. महिन्याच्या पगारावर घर चालवणारा माणूस पडद्यावर बिनपगारी फटिंगाचं काम इतकं खरं कसं करायचा, ते त्यात कळतं. भाडं थकलंय, पण इस्त्री मोडलेली नाही. त्यांच्या विनोदात कुणाचा अपमान नसायचा. आजच्या स्टँडअपवाल्यांनी (अवांतर होईल, थांबतो).

जुना_पिंपळ

नमस्कार. वय वर्षे ७९, मुक्काम मिरज. नातीकडून टंकलेखन करून घेत आहे, चुका तिच्या.

हळदसाहेब, तुमचा 'थांबण्या'चा मुद्दा वाचला. चांगला आहे, पण एका माणसापाशी तो पार गळपटतो. तो माणूस म्हणजे नारायणराव राजहंस, बालगंधर्व.

मी त्यांना रंगात आलेलं पाहिलेलं नाही. वडिलांनी पाहिलं होतं, आणि आमच्या घरी देवाच्या गोष्टी कमी आणि नारायणरावांच्या जास्त सांगितल्या जायच्या. किर्लोस्कर मंडळींत ते शकुंतला म्हणून पहिल्यांदा उभे राहिले ते आमच्या मिरजेत, १९०५ साली. आज गावात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, त्याच्यावरून जाताना मी अजून पायातली चप्पल काढू की नको असा एक क्षण घुटमळतो. (नात म्हणते, हे लिहू नका. लिही.)

त्यांना थांबणं ठाऊक नव्हतं. पद संपलं की 'वन्समोअर', तो दिला की पुन्हा. लोक मागायचे, ते द्यायचे, आणि दर वेळी वेगळं. नाटक रात्री सुरू व्हायचं आणि बाहेर पडताना दूधवाले भेटायचे. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली काढली, तिथंही हात आखडणं नाही. खरे भरजरी शालू, खरी अत्तरं, मखमल. कर्ज डोक्यावर, आणि पडदा उघडला की राजवाडा.

पण त्याच माणसानं 'एकच प्याला'त सिंधू केली. नाटककार राम गणेश गडकरी गेले आणि महिन्याभरात, १९१९ साली, त्यांचं ते नाटक रंगभूमीवर आलं. ज्या बाईच्या शालूंची फॅशन महाराष्ट्रातल्या बायका करायच्या, ती ठिगळाचं लुगडं नेसून जात्यावर बसली. वडील म्हणायचे, "त्या ठिगळाकडं बघून जे रडू यायचं ते शालू आधी पाहिले होते म्हणून."

'मानापमान'चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ चा. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली होती. ते उभे राहिले. याला मी मोठेपणा म्हणू की क्रूरपणा, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. पण आवडता कोण विचाराल तर तेच.

कृष्णाकाठची_कमळी

काडी टाकते, माफ करा. :)

धाग्याचं नाव 'आवडते पुरुष कलाकार'. आजोबांनी सांगितलेला कलाकार आयुष्यभर बाईचं काम करून मोठा झाला. नऊवारी कशी नेसायची, केसात गजरा कसा माळायचा, हे त्या काळच्या बायका एका पुरुषाकडून शिकल्या! भाव्यांच्या नाटकातली सीतासुद्धा पुरुषच. मग हे पुरुष कलाकार कसले? आमच्या अर्ध्या जागेवर बसलेले कलाकार.

आणि जो बाईची नुसती लकब घेतो त्याचं काय होतं बघा. गणपत पाटील. कोल्हापूरचे आहेत, पण धागाकर्त्यांनी हाकलणार नाही म्हटलंय. तमाशापटात नाच्या म्हटलं की हाच चेहरा. टाळी वाजवून लचकत बोलणं. एरवी संसारी माणूस. पण लोकांनी पडद्यावरचं सोंग त्यांच्या घरापर्यंत नेलं, पोराबाळांनासुद्धा चिडवलं. नारायणरावांना शालू नेसून 'देव' केलं आणि गणपतरावांना चोळी घालून 'तसला' केलं. एकाच्या अंगावर संगीत नाटक, दुसऱ्याच्या अंगावर तमाशा. फरक तेवढाच ना? मला म्हणून गणपत पाटील आवडतात. अपमान ठाऊक असून पुढच्या सिनेमात परत उभे राहायचे.

पेवातली_हळद

@जुना_पिंपळ आजोबा, साष्टांग. तुमच्या प्रतिसादानंतर माझा 'थांबण्या'चा सिद्धांत गुंडाळून पेवात टाकावा असं वाटायला लागलंय. पण एक शंका. चार वेळा तेच पद द्यायचं म्हणजे प्रत्येक वेळी समेवर येऊन कुठंतरी थांबायचंच ना? लोक पुन्हा मागतील इतकंच द्यायचं, आणि तिथं हात आवरायचा. चुकत असेन तर कान धरा.

@कमळी ताई, अगदी बरोबर जागी काडी लावलीत. गणपत पाटलांबद्दल मी असा विचारच केला नव्हता. आमच्या वर्गात एका मुलाला तेच नाव घेऊन चिडवायचे. मीही चिडवलंय. आज नववीतल्या त्या मुलाचा चेहरा आठवला.

चांगभलं

दादांचं नाव नाही?? दादा कोंडके!! धागा उडवा!

'सोंगाड्या' १९७१. एकामागून एक नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी, गिनेस बुकात नोंद. आमच्या आटपाडीत टुरिंग टॉकीजला दादांचा सिनेमा लागला की सालगडी मालकाकडं उचल मागायचे. आणि थांबण्याचं म्हणता? दादा वाक्य टाकून असं निरागस बघायचे की घाण अर्थ आपल्याच डोक्यात आलाय असं वाटायचं. शेजारी सासरा बसलेला असला की मेल्याहून मेल्यासारखं.

भडंगवाला

दादा भोरकडचे ना? हद्दीबाहेर. पण सासऱ्याच्या मुद्द्याला +१. अनुभव आहे.

कृष्णाकाठची_कमळी

दादांचे सिनेमे मी आईबरोबर बघितलेत, ती माझ्याहून जास्त हसायची. बायकांना द्व्यर्थी कळत नाही असं पुरुषांना वाटतं, त्यांना ओवाळून टाकलं पाहिजे. जात्यावरच्या आणि हळदीच्या गाण्यांपुढं दादा शाळकरी पोर.

कास_पठार

मी या धाग्यावर बहुतेक सगळ्यात लहान (२६). काळू-बाळू यूट्यूबवरच बघितलेत, तेही या धाग्यामुळे काल रात्री. आवाज खरखरतो, चित्र हलतं, तरी दीड तास बघत बसलो.

माझे आवडते सयाजी शिंदे. कारण सांगतो. मी पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा पहिल्या वर्षी तोंड उघडायला लाजायचो. 'व्हय', 'न्हाई', 'आलतो', 'गेलतो' बाहेर पडलं की पोरं हसायची. पहिल्या सेमिस्टरमध्ये मी शुद्ध बोलायची प्रॅक्टिस करायचो, चक्क आरशासमोर. मग एका रात्री होस्टेलवर हैदराबादच्या रूममेटनं तेलुगू सिनेमा लावला. व्हिलन दिसला आणि मी म्हटलं, हा आमच्याकडचा हाय! तो रूममेट मान्यच करेना. त्याच्या मते सयाजी शिंदे त्यांचेच. सातारला पाटबंधारे खात्यात रखवालदारी केलेला माणूस, 'झुलवा' नाटकानं वर आला, 'शूल'मध्ये मनोज वाजपेयीसमोर उभा राहिला, आणि २००० साली तमिळमध्ये थेट त्यांच्या महाकवी भारतींचं काम केलं. म्हणजे तमिळ लोकांनी आपला राष्ट्रकवी एका सातारकराच्या हवाली केला. आणि मुलाखत द्यायला बसला की अजून तसाच बोलतो, आमच्या चुलत्यासारखा. मी आरशासमोरची प्रॅक्टिस बंद केली.

शिवाय झाडं. सह्याद्री देवराईचं काम बघायला एकदा मित्रांबरोबर गेलो होतो. नट दिसेल म्हणून गेलो, खड्डे खणून परत आलो.

पुढं 'लागिरं झालं जी' आलं तेव्हा तर टीव्हीवर सगळा जिल्हाच आमच्यासारखा बोलायला लागला. आता पुण्याची पोरं आमची नक्कल करून रील टाकतात, ती मात्र भिकार असते.

जुना_पिंपळ

कास पठार, छान लिहिलंत. भाषेची लाज गेली की अर्धी लढाई होते. शाहीर साबळ्यांचं उदाहरण घ्या. पसरणीचा मुलगा, शिक्षणासाठी आजोळी अंमळनेरला गेला, साने गुरुजींचा सहवास लाभला, पण गळ्यातून वाई तालुका गेला नाही. 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ साली राज्यगीत झालं, आता शाळाशाळांत म्हणतात. शब्द राजा बढ्यांचे, चाल खळ्यांची. पण डोळे मिटून आठवलं तर ऐकू येतो तो शाहिरांचाच आवाज. त्या आवाजात डोंगरावरून हाक मारल्याचं काहीतरी आहे. ज्यानं लहानपणी पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारलेली आहे, त्यालाच तो खडा आवाज लागतो.

हळदसाहेब, तुमच्या शंकेचं उत्तर. समेवर यायचं ते पुन्हा निघण्यासाठी. त्याला थांबणं म्हणत नाहीत. पण कान धरत नाही, मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

वाचनमात्र_सातारी

अनेक वर्षं वाचनमात्र, आज डॉक्टरांसाठी लॉगिन झालो.

सातारकडून लिहितोय म्हणून आवर्जून सांगतो, लागूंचं आमच्या गावाशी नातं जन्मापुरतं नव्हतं. नरेंद्र दाभोलकरांबरोबर त्यांचे विवेकजागराचे वाद-संवाद व्हायचे. 'देवाला रिटायर करा' असं सरळ लिहिणारा माणूस गावोगावी व्यासपीठावर बसायचा, आणि समोर माळकरी, गुरवापासून सगळे. हातघाई न होता लोक ऐकायचे. का? कारण डॉक्टर ऐकायचे. प्रश्न विचारणारा अडखळला तरी मध्ये तोडायचे नाहीत. धागाकर्त्यांचा थांबण्याचा मुद्दा मला नाटकापेक्षा तिथं जास्त पटतो.

आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले तेव्हा डॉक्टर, निळूभाऊ, तनुजा अशी मंडळी गावोगाव फिरली. पैसा स्वतःसाठी नाही, तर चळवळीत आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्यांना महिन्याला काहीतरी मिळावं म्हणून. 'सामना'तला मास्तर आणि हिंदुराव एकाच गाडीतून वर्गणी गोळा करायला निघालेत, हे चित्रच मला फार आवडतं.

तुणतुणे

सगळ्यांचं वाचलं. लिहू का नको करत होतो.

माझे वडील तमाशात होते. काळू-बाळूंच्या नाही, दुसऱ्या फडात. सुरत्ये. म्हणजे मागं उभं राहून झील धरायची. आम्ही शाळेत 'वडील शेतात असतात' असं सांगायचो. आता सांगायला लाज वाटत नाही, वाटायची याची वाटते.

हळद भाऊ, तुम्ही जे थांबणं म्हणता त्याचं वडलांनी मला सांगितलेलं कारण वेगळं आहे, ते कलेचं कमी आणि कामाचं जास्त आहे. कनातीत पाच हजार माणूस असतो. पुढच्या माणसाला विनोद आधी कळतो, कारण त्याला तोंड दिसतं. मागच्याला नुसतं ऐकू येतं, तेही वारा फिरला तर नाही. म्हणजे हसू पुढून सुरू होतं आणि मागं जात जातं, पाटाचं पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत जावं तसं. सोंगाड्या कच्चा असला तर पुढचे हसले की लगेच पुढचं वाक्य टाकतो. मग मागच्यांचं वाक्य बुडतं. दोन वेळा बुडालं की मागची पोरं शिट्ट्या घालतात, तिसऱ्यांदा दगड येतो. पक्का सोंगाड्या शेवटचा वाफा भिजेपर्यंत उभा राहतो. वडील म्हणायचे, "कनातीच्या दोराला टेकलेला माणूस हसला का बघायचं. तो हसला की बोलायचं."

माझे आवडते कलाकार विचाराल तर ज्यांची नावं कुठं लागत नाहीत ते झीलकरी. सात महिने घराबाहेर, रोज नवीन गाव, दिवसा ट्रकखाली झोप, आणि रात्री मागं उभं राहून दुसऱ्याचा सूर उचलून धरायचा. माझ्या वडलांना कधीच कुणी वन्समोअर दिला नाही. जुना पिंपळ आजोबा, राग नका मानू.

जुना_पिंपळ

राग कसला. नातीनं तुमचा प्रतिसाद मला दोनदा वाचून दाखवला. हाच वन्समोअर समजा.

कंदी_पेढा

@तुणतुणे, शेवटच्या वाफ्याचं वाचून खुर्चीत सरळ बसलो. वेगळा धागा काढा ओ. सातारा-सांगली भांडण तेवढ्या वेळापुरतं स्थगित.

पेवातली_हळद

तुणतुणे दादांचं वाचून मी काल रात्री वडलांकडं गेलो. वय ८४, कानानं कमी ऐकू येतं, बाकी ठणठणीत. त्यांना विचारलं, "तुम्हाला आठवतंय का, काळू-बाळू तसे थांबलेले, आणि शेंगावाला म्हातारा, आणि मग भुवई?"

ते म्हणाले, "थांबले कुठलं? जनरेटर बंद पडला होता."

मी म्हटलं, "नाही ओ, मला सगळं दिसत होतं."

"तुला काय दिसतंय? तू झोपेत. बत्ती गेली ती गेलीच. किट्ट अंधार. लोक आरडाओरडा करणार तेवढ्यात कुणीतरी गॅसबत्ती पेटवून आणली पुढं. बघतोय तर दोघं होते तिथंच, होते तसेच उभे. एकाचा हात वर तो वरच. एक बोट हललेलं नाही. अंधारातसुद्धा. मग लोक गप झाले. गॅसबत्ती ठेवणारा ठेवून गेला तरी हे आपले तसेच. मग भुवई."

म्हणजे माझ्या डोक्यातला प्रसंग गॅसबत्ती आल्यानंतरचा. अंधार मी झोपेत घालवला होता. चाळीस वर्षं मी ज्यावर सिद्धांत रचत बसलो त्याच्या मुळाशी बंद पडलेला जनरेटर निघाला.

मी विचारलं, "मग तुम्ही एवढं हसलात कशाला?" तर म्हणाले, "हसू नको तर काय? पाच हजार माणसाला दिसत नव्हतं तरी ती दोघं काम करत होती." आणि कूस बदलून झोपले.

चांगभलं

=)) =)) धागा उडवू नका, मागे घेतो.

भडंगवाला

आयला. म्हणजे शेवटचा वाफा अंधारात भिजला.

कास_पठार

तुमच्या वडलांना अजून जत्रा-तमाशे आठवत असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा की. मी येतो पाहिजे तर, रविवारी मोकळा आहे. माईक आहे माझ्याकडं.

पेवातली_हळद

ये की. पण दुपारी चारच्या आत नको, ते झोपतात. आणि येताना 'तमाशाचं विचारायला आलोय' असं आईसमोर म्हणू नको. जत्रेचं म्हण.

कृष्णाकाठची_कमळी

५ नोव्हेंबरला भावे नाट्यमंदिरात कोण कोण येतंय? मी दोन जागा धरते. तुणतुणे दादा, एक तुमच्यासाठी, पुढच्या रांगेत.

तुणतुणे

येतो ताई. पण मागची धरा.